हिंवाळ्यांतली कृष्णा

नदी पाहावी ती हिंवाळ्यांत, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. पावसाळ्यांत नदी पाहावयास सारा गांव लोटतो आणि पुलाच्या कठड्याला टेकून माणसें तासन्‌तास उभीं राहतात. परंतु त्या वेळीं जें दिसतें तें पाणी, नदी नव्हे. उन्हाळ्यांत उलट खडक आणि वाळू यांखेरीज कांहीं हातीं लागत नाहीं. मार्गशीर्ष-पौषांत मात्र ती आपल्या पात्रांत शहाण्यासारखी बसलेली असते. तिच्या कांठचीं माणसें सुगीच्या कामाला जुंपलेलीं असतात. आणि गेल्या पावसाळ्यांत तिनें काय काय केलें याच्या खुणा झाडांच्या फांद्यांवर, भिंतींवर व बांधांवर स्वच्छ वाचतां येतात.

आणि ती पाहावी सायकलवरून. मोटारींतून नदी दिसते ती पूल ओलांडण्यापुरती. पायीं जाणें सर्वांत उत्तम खरें; परंतु एका दिवसांत दोन संगम पायीं गांठून परत येण्याइतकें बळ आतां आमच्या पायांत राहिलेलें नाहीं. सायकलवर माणूस जरा उंचावर बसतो, त्यामुळें कुंपणापलीकडचें शेत दिसतें. आवाज होत नाहीं, त्यामुळें बांधावरचीं माणसें आपण होऊन हांक मारतात व कोठें निघालांत म्हणून विचारतात. आणि मुख्य म्हणजे वाटेंतला प्रत्येक चढ-उतार पोटऱ्यांना कळतो. ह्या शेवटच्या गुणाचें महत्त्व पुढें येईलच.

आमच्या घरांतील तरुण मंडळींस हा बेत ऐकून हंसूं आवरेना. त्यांच्या माहितीसाठीं आम्हीं सांगितलें कीं, १९२३ सालीं मुंबईच्या कांहीं पारशी तरुणांनीं सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा आरंभिली व त्यांतील तिघे ती पुरी करून १९२८ सालीं परत आले. त्यांच्या मानानें सांगली ते नरसोबाची वाडी हें सुमारें २० किलोमीटरांचें अंतर म्हणजे अंगणांतली फेरी. "ते तरुण होते," असें उत्तर आम्हांस मिळालें, तें येथें प्रामाणिकपणें नोंदवून पुढें जातों.

आमच्या सोबतीस होते ते आमचे शाळेंतले स्नेही. मूळचे सांगलीचे, पण वकिलीच्या निमित्तानें पुण्यास स्थायिक झालेले. सांगलीच्या जुन्या गांवभागांत, नदीपासून हांकेच्या अंतरावर, त्यांच्या आजोबांच्या वेळचा दुमजली वाडा आहे. तेथें त्यांच्या मातुःश्री, धाकटे बंधु, भावजय व दोन मुलें राहतात. मातुःश्रींचें वय ८३. मधले बंधु परदेशांत असतात. वाड्याच्या माजघरांतील एका खांबावर खिळ्यानें कोरलेल्या तीन रेघा आहेत व प्रत्येकीपुढें साल घातलेलें आहे: २००५, २०१९ आणि २०२१. पहिली रेघ वडिलांनीं कोरली, पुढच्या दोन धाकट्या बंधूंनीं. २०१९ ची रेघ कोरावयास त्यांस स्टुलावर उभें राहावें लागलें होतें.

धाकटे बंधु शाळेंत शिक्षक आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, वाडा विकावा आणि विश्रामबागेकडे, जेथें पाणी येत नाहीं अशा ठिकाणीं, एखादी सदनिका घ्यावी. मातुःश्रींचें म्हणणें एका वाक्याचें आहे: "मी ह्या उंबऱ्यांतून निघेन ती एकदांच." मधले बंधु परदेशांतून पूर्वजांच्या वास्तूविषयीं लांबलचक पत्रें लिहितात. संक्रांतीला तिघे भाऊ एकत्र बसून काय तें ठरवावयाचें होतें, आणि थोरले म्हणून आमच्या स्नेह्यांच्या शब्दाला वजन येणार होतें. ते आम्हांस म्हणाले, "अरे, आजवर ह्या प्रश्नाचा विचार आम्हीं पुराच्या आठवड्यांतच केला. नदीची बाजू एकदां ऐकून घ्यायला हवी. चल, वाडीपर्यंत जाऊन येऊं." दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर, पौषाच्या आरंभीं, पुतण्यांच्या सायकली मागून घेऊन आम्ही दोघे निघालों.

आधीं आयर्विन पुलावर गेलों. हा पूल १९२९ सालचा. कृष्णेच्या पाण्याची पातळी येथेंच मोजतात, आणि पावसाळ्यांत सांगलीच्या घराघरांत ती देवाच्या नांवासारखी सकाळ-संध्याकाळ उच्चारली जाते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्यें ती ५७ फुटांच्याहि वर गेली होती. त्या सकाळीं पाण्यावर धुकें होतें. खालीं घाटाच्या पायऱ्या शेवटच्या पायरीपर्यंत उघड्या पडलेल्या, एक परीट पक्षी शेपटी हालवीत त्यांवर फिरत होता, आणि प्रवाह इतका मंद कीं, पाणी कोणत्या दिशेला चाललें आहे तें कळण्यासाठीं वाहत जाणाऱ्या निर्माल्याकडे पाहावें लागलें. आमचे स्नेही पुलाच्या खांबावरचे आंकडे बराच वेळ न्याहाळीत होते. मग म्हणाले, "तेवढ्या उंचीवर आपण आत्तां उभे नाहीं, ही कल्पनाच करवत नाहीं." आम्हांसहि करवली नाहीं. हिंवाळ्यांतल्या नदीचा हा एक मोठा दोष आहे. तिला पाहून पुरावर विश्वास बसत नाहीं.

सांगलीहून हरिपुरास जाणारा रस्ता चिंचांचा. जुन्या, थोराड चिंचा दोहों बाजूंस आहेत आणि पौषांत त्यांवर आंकडे लोंबत असतात; सकाळच्या उन्हांत त्या सावलींतून सायकल चालविण्यासारखें सुख थोडें. हरिपूर हें 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचें जन्मगांव. ते १८५५ सालीं येथें जन्मले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यांत बांधल्या जाणाऱ्या कोंवळ्या मुलीचें दुःख ज्यानें १८९९ सालीं रंगभूमीवर मांडलें, तो हा कृष्णेच्या पाण्यावर वाढलेला माणूस. आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्या भगिनींस हें वेगळें सांगावयास नको.

पण हरिपूरचें खरें नवल जमिनीखालीं आहे, आणि तें पाहण्यासाठीं आम्ही दोघे सायकली टेकून बराच वेळ थांबलों. हळदीचीं पेवें! सांगलीची हळदीची पेठ मोठी. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनहि मिळालें. हा सगळा माल पूर्वी सांठविला जाई तो हरिपुरच्या पेवांत. पेव म्हणजे जमिनींत खणलेला घागरीच्या आकाराचा खड्डा: तोंड माणूस उतरेल एवढें अरुंद, पोट विस्तीर्ण. येथील माती अशी घट्ट कीं, कड ढांसळत नाहीं आणि आंत ओल झिरपत नाहीं. आंतून पाला व गवत यांचा थर द्यावयाचा, हळद भरावयाची, आणि तोंड मातीनें लिंपून टाकावयाचें. हवा कोंडल्यामुळें किडा जगत नाहीं, आणि हळद वर्षानुवर्षें जशीच्या तशी राहते. पेव उघडलें कीं लागलीच आंत उतरावयाचें नाहीं. कोंडलेली हवा जीव घेते. आधीं तोंड मोकळें ठेवावयाचें, मग दिवा सोडून पाहावयाचें, तो विझला नाहीं तर माणसानें जावयाचें. घराची कोठी सांभाळणाऱ्या आमच्या भगिनींस ह्या शास्त्राचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

हें शास्त्र नदीच्या कांठावर, तिच्या इतक्या जवळ, पिढ्यान्‌पिढ्या चाललें याचा अर्थच हा कीं, एवढ्या उंचीवर पाणी सहसा येत नसे. २००५ च्या पुरांत तें आलें. पेवांत पाणी शिरलें, हळद कुजली, आणि पुष्कळ पेवें कायमचीं बुजलीं. आतां माल गोदामांत व शीतगृहांत राहतो. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनीं आम्हांस एका बुजलेल्या पेवाची जागा दाखविली, त्यांनीं तिच्यावर पायानें माती सारखी केली आणि म्हणाले, "जमिनीनं कधी फसवलं नव्हतं. पाणीच लई वर आलं." आमचे स्नेही यावर कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनीं टांचेनें त्या मातीवर दोनदां ठोकून पाहिलें.

संगमेश्वराच्या देवळामागें उतरलें कीं पलीकडून वारणा येऊन कृष्णेस मिळते. येथें घाटावर बसून आम्हीं बरोबर आणलेल्या दशम्या सोडल्या आणि पुराचा विचारहि तेथेंच नीट झाला. सांगलीच्या पुराविषयीं बोलावयास बसलें कीं कोणी आलमट्टीचें नांव घेतो, कोणी धरणांतून केव्हां पाणी सोडलें याचा हिशेब मांडतो, कोणी ओढ्यांवर झालेल्या बांधकामांवर बोट ठेवतो. हा वाद तज्ज्ञांच्या समित्यांपुढें गेलेला आहे आणि आणखी पुष्कळ दिवस चालेल. आमच्या हातांत होत्या त्या सायकली, आणि त्यांनीं एक गोष्ट निःसंशय शिकविली. सांगलीहून हरिपुरापर्यंत आणि तेथून पुढें दिवसभर आम्हांस चढ लागला नाहीं कीं उतार लागला नाहीं. पायडल थांबविलें कीं सायकल थांबे. जी जमीन सायकलला पुढें ढकलीत नाहीं, ती पाण्याला कशी ढकलणार? वर कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळालेली. येथें हरिपुरास वारणा आडवी येते. पुढें वाडीला पंचगंगा. चारी नद्या एकाच आठवड्यांत भरल्या म्हणजे पुढची वाट अगोदरच अडलेली असते, आणि सपाट जमिनीवर पाणी उभें राहतें, चढतें, गांवांत शिरतें. नकाशावर हें आम्हीं पूर्वी पाहिलें होतें. पोटऱ्यांना तें त्या दिवशीं कळलें.

"म्हणजे आमच्या आजोबांनीं चुकीच्या जागीं घर बांधलें," आमचे स्नेही म्हणाले.

आम्हीं म्हटलें, तसें नाहीं. विहिरीच्या पाण्यावर आणि नदीच्या घाटावर संसार चालत होता, तेव्हां घर नदीजवळ असणें हेंच शहाणपण होतें. आतां पूररेषा आंखल्या गेल्या आहेत: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. माजघरांतल्या खांबावर मात्र १६ वर्षांत तीन रेघा पडल्या. गणित चुकलें कीं पाऊस बदलला हें ठरविणें आमच्या आवांक्याबाहेरचें. पण आजोबांस दोष देण्याचें कारण नाहीं, आणि आजोबांनीं बांधलें म्हणून नातवंडांनीं बुडत राहावें यालाहि कारण नाहीं.

वाटेंत एका कोळ्याच्या पोरानें पलीकडच्या कांठावर बोट दाखवून मगर उन्हाला पडल्याचें सांगितलें. आम्हांस दिसलें तें एक ओंडक्यासारखें कांहीं तरी. थंडीच्या दिवसांत ह्या पट्ट्यांतील मगरी ऊन घेण्यासाठीं कांठावर येतात हें खरें आहे, पण तो ओंडकाच असावा असें आमचें मत आणि मगरच होती असें आमच्या स्नेह्यांचें. घरीं मुलांस मगर होती असेंच सांगितलें आहे.

अंकलीचा पूल ओलांडून पलीकडे उदगांवाच्या बाजूस गेलें कीं कोल्हापूर जिल्हा लागतो, आणि मग शिरोळपर्यंत ऊंस, ऊंस आणि ऊंस. कारखान्यांचा हंगाम भरांत होता. उंसाच्या दोन दोन गाड्या मागें जोडलेले ट्रॅक्टर मोठमोठ्यानें गाणीं लावून जात होते. त्यांना वाट देण्यासाठीं आम्ही दर थोड्या वेळानें मातींत उतरत होतों. सगळीकडे मळीचा आंबूस-गोड वास. मधूनच एखाद्या तुकड्यावर पांढरा थर आणि खुरटें गवत दिसे. पाणी अतोनात दिल्यानें क्षारपड झालेली ही जमीन. शिरोळ तालुक्यांत आतां जमिनीखालीं छिद्रांचे नळ टाकून तिचें पाणी काढून देतात व तीच जमीन पुन्हां पिकूं लागते, ही समाधानाची गोष्ट. नदीचें पाणी यंत्रानें शेतांत चढवावयाचें आणि मग नळांनीं परत नदीकडे काढून द्यावयाचें, असा हा दुहेरी उद्योग आहे.

अशाच एका ट्रॅक्टरला वाट देतांना आमच्या स्नेह्यांच्या सायकलच्या मागल्या चाकांत बाभळीचा कांटा गेला. हवा भरण्याचा पंप आणि ठिगळांची डबी आमच्याजवळ होती, पाणी नव्हतें. शेजारींच ऊंसतोड्यांच्या पालांचा तळ होता. बीडकडचीं माणसें. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास हीं कुटुंबें इकडे येतात आणि हंगाम संपेतों उंसाच्या पाचटाच्या खोपींत राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजतात. माणसाची गणना हत्याराच्या नांवानें व्हावी हें ऐकून प्रथम कानाला बोंचतें, नंतर संवय होते, आणि ती संवयच अधिक वाईट. एका बाईनें घमेल्यांत पाणी आणून दिलें. आम्ही ट्यूब बुडवून बुडबुडे शोधीत असतां ती शेजारीं उभी राहिली. कोठले, कोठें चाललांत, ह्या वयांत सायकल कां, अशी तिनें सगळी चौकशी केली. आमच्या स्नेह्यांनीं काय मनांत आलें कोण जाणे, पण तिला वाड्याची सगळी हकीकत सांगितली. पुण्यांत कोणा अशीलापुढेंहि ते इतकें मोकळें बोलले नसतील.

ती म्हणाली, "काका, आम्ही सहा महिने घर सोडतो. म्हातारी राखणीला ऱ्हाती. घर कुटं पळून जातं?"

"पण राग येत नाहीं म्हातारीला?"

"येतो की. रडती. पाडव्याला आलो की पुन्हा दारात बसलेलीच असती."

ठिगळ बसलें. घमेलें परत देतांना आमच्या स्नेह्यांनीं पिशवींतल्या उरलेल्या दशम्या तिच्या मुलाच्या हातांत दिल्या. पुढें शिरोळ येईपर्यंत आम्ही दोघे एकामागें एक चाललों होतों, तेव्हां बोलणें झालें नाहीं.

वाडीला पोहोंचलों तेव्हां दुपार कलली होती. घाट मोकळा होता. श्रीनृसिंहसरस्वतींचें येथें बारा वर्षें वास्तव्य झालें असें परंपरा सांगते; औदुंबराखालच्या त्यांच्या मनोहर पादुका हेंच येथील दैवत. देऊळ नदीच्या पायरीला लागून आहे, म्हणजे पावसाळ्यांत पाणी आंत येणार हें गृहीतच. पाणी चढूं लागलें कीं उत्सवमूर्ति वरच्या देवळांत नेतात. आणखी चढलें तर त्याहून उंच जागीं. पादुका मात्र दगडाच्या, त्या तेथेंच राहतात. पाणी त्यांवरून वाहून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडूं लागलें म्हणजे त्या पाण्यांत स्नानाला लोक दुरून येतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. २०१९ सालीं तर वाडीचींच बहुतेक घरें पाण्यांत होतीं, त्यांत सोहळा कसला; पण एरवीं पाणी येणें हा येथें वर्षाच्या कार्यक्रमांतला एक भाग आहे. काय हालवावयाचें, कोणत्या पातळीला हालवावयाचें, कोणी हालवावयाचें, हें सगळें आधींच ठरलेलें.

भक्तिभाव ज्यांस आहे त्यांनीं आपल्या परीनें नमस्कार करावा. आमच्या स्नेह्यांना त्यांतली व्यवस्था दिसली. ते घाटावर बसून म्हणाले, "आमच्याकडे दर खेपेला काय झालें ठाऊक आहे? पाणी ४० फुटांवर गेलें कीं आई म्हणणार, ४५ पर्यंत थांबूं. ४५ झालें कीं रात्र झालेली असते. मग देवांचा डबा, आईचीं औषधें, मुलांचीं पुस्तकें, सगळें एकाच वेळीं माडीवर. २०१९ ला आपत्ति-दलाच्या होडींत तिला सज्जांतून उतरवली. मी पुण्यास बसून फोन करीत होतों."

तेथें आम्हीं एक गोष्ट विचारली, कारण ती आमच्या मनांत सकाळपासून होती. पूर ओसरल्यावर गाळ कोणी काढला? ते म्हणाले, "धाकट्यानें आणि त्याच्या बायकोनें. तिन्ही वेळां." मग भावजयींचें म्हणणें काय आहे? ह्यावर ते थांबले. त्यांना तें ठाऊक नव्हतें. तिघां भावांची मतें होतीं, आईचें मत होतें, परदेशांतल्या बंधूंचें तर पानेंच्या पानें होतीं. परंतु जिनें गुडघाभर चिखलांतून तांब्यापितळेचीं भांडीं वेंचलीं, फुगलेल्या दारांच्या फळ्या ओढून काढल्या, आणि पुढले सहा महिने भिंतींना येणारी कुबट घाण सोशीत त्याच माजघरांत सैंपाक केला, तिला कोणीं विचारलेलेंच नव्हतें. वाचकहो, एकत्र कुटुंबाचे आम्ही अभिमानी आहों, आणि म्हणूनच हें लिहितों. आमच्या घरांतून वास्तूविषयीं बोलण्याचा अधिकार जो वास्तूपासून जितका लांब असतो त्याला तितका अधिक मिळतो. गाळ उपसणाराचें मत पहिलें घ्यावयास हवें. भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या कुळालासुद्धां घरमालक एवढें तरी विचारतो.

आमच्या स्नेह्यांनीं तेथूनच घरीं फोन लावला आणि आईला न मागतां भावजयींना बोलावून घेतलें. आम्ही उठून पेढ्यांच्या दुकानाकडे गेलों. कवठाची बर्फी हा वाडीचा खास पदार्थ. आंबट-गोड, आणि थंडींत चांगली टिकते. दोन पुडे बांधून घेऊन परत आलों तों त्यांचें बोलणें संपलें होतें.

"काय म्हणाल्या?"

"ती म्हणाली, 'दादा, मला वाडा नको आहे असें नाहीं. मला आषाढ नको आहे.' "

यावर आम्हां दोघांचा बराच खल झाला. तिन्ही पूर आषाढी एकादशीनंतर आलेले. संन्याशांचा चातुर्मास असतो: आषाढी ते कार्तिकी एका ठिकाणीं राहावयाचें, हिंडावयाचें नाहीं. तसा ह्या घराचा चातुर्मास कां असूं नये? विश्रामबागेकडे लहानशी दोन खोल्यांची जागा घ्यावी. ती वाडा विकून नव्हे. थोरल्या दोघांनीं पैसा घालावा आणि ती धाकट्याच्या नांवें करावी. तीन वेळच्या गाळाचा तोच हिशेब. एकादशीच्या आंत देव, औषधें, पुस्तकें, म्हातारी, सर्वांनीं तिकडे जावयाचें. दिवाळी झाली कीं कृष्णेवर परत. वाड्याचा खालचा मजला रिकामा ठेवावयाचा, फरशीचा, ज्यावर पाणी आलें तरी झाडून निघेल. वकिली डोक्यांतून अडचणीहि भराभर निघाल्या: मुलांच्या शाळा, दोन ठिकाणचा खर्च, रिकाम्या वाड्यांत पावसाळ्यांत चोरी, आणि जुन्या भिंती आणखी किती पाणी सोसतील. शेवटच्या शंकेला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्या भिंती गवंड्याला दाखवावयास हव्यात, एवढेंच म्हणालों. पुढें कधीं तरी वाडा जाईल, हें त्यांनींहि अमान्य केलें नाहीं.

निघतांना कृष्णाकांठचीं वांगीं घेतलीं. हिंवाळ्यांतल्या ह्या वांग्यांची गोडी अन्यत्र येत नाहीं. पिशवी हॅन्डलला अडकविली आणि उन्हें उतरतीं तों अंकलीचा पूल गांठला. परतीच्या वाटेवर समोरचा वारा होता. त्यानें सपाट जमिनीचा फायदा पार घालविला. वाड्यांत शिरलों तेव्हां दिवे लागले होते.

मातुःश्री माजघरांत खांबाला पाठ लावून बसल्या होत्या. बर्फीचा पुडा देवापुढें ठेवून झाल्यावर आमच्या स्नेह्यांनीं सगळा बेत त्यांना सांगितला. चातुर्मास हा शब्द ऐकून त्यांनीं मान वर केली. भावजय सैंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या, हातांत तींच वांगीं. बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

मग त्यांनीं धाकट्या मुलाकडे पाहून विचारलें, "तिथें तुळशीला ऊन येतें का रे?"

"उद्यां सकाळींच पाहून येतों," धाकटे बंधु म्हणाले.